वासराची विभक्ती

माझ्या उजव्या गुडघ्यावर फिन्निश भाषेतली एक विभक्ती उमटलेली आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर नुसते 'खरचटणे' असे लिहिले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले. मी त्यांना त्या खरचटण्याची व्युत्पत्ती सांगू लागलो, तेव्हा त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुमच्या मागे रांग नाही.

मी हिशेबनीस. तळोज्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे लेजर लिहिली. त्या नोकरीने मला एकच गोष्ट शिकवली: डावा रकाना उजव्याशी जुळला की पेन खाली ठेवावे आणि चहा मागवावा. निवृत्तीनंतर रकाने गेले, चहा उरला, आणि त्या चहाबरोबर "जरा बाहेर पडत जा" हा सल्ला फुकट मिळू लागला. बाहेर पडलो तो थेट पनवेलच्या एका वाचनालयात जाऊन बसलो. तिथे कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' हाती लागला आणि मला पुन्हा रकाने सापडले. एका बाजूला संस्कृत, दुसऱ्या बाजूला मराठी. मत्स्य जमा, मासा नावे. क्षुरिका जमा, सुरी नावे.

घरी येऊन मी हा आनंद वाटू लागलो. "मत्स्यचा प्राकृतात मच्छ झाला. हिंदीने तो च्छ जपून ठेवला, मराठीने त्याचा स केला, म्हणून आपला मासा!" मी जेवताना म्हणालो.

"मासा मत्स्यातून आला ते कळलं," ही म्हणाली, "बाजारातून कधी येणार आहे?"

पण माझा सर्वांत लाडका शब्द होता वासरू. हिंदीतला बछडा आणि आपले वासरू, दोघांचा आजा एकच, वत्स. तिथेही तोच च्छ आणि तोच स. मग शेवटचा 'रू' कुठून आला? तर तो 'रूप'मधला. वत्सरूप, म्हणजे छोटे गोंडस वत्स, झिजत झिजत वासरू झाले. तोच रू पाखरूमध्ये आहे, पक्षिरूप. तोच गुरांमध्ये आहे, गोरूप. हे वाचल्यापासून मी वडाळे तलावाकाठी फिरायला येणाऱ्या एकाही माणसाला रूप दाखवल्याशिवाय सोडले नाही. महिनाभरात तलावाला उलटी प्रदक्षिणा घालणाऱ्यांची संख्या वाढली. पहिल्यांदा मला वाटले, वास्तुशास्त्रात काही नवीन निघाले असेल.

अशात माझ्या पुतणीने फिनलंडमध्ये लग्न केले. जावई सुतार. लाकडी घरे बांधतो. सहा फूट तीन इंच उंची आणि दिवसाला साधारण तितकेच शब्द. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शाळेत फिन्निश शिकवून निवृत्त झालेल्या. मला शब्दांचा नाद आहे असे पुतणीने त्यांना सांगितले आणि त्यांनी प्रेमाने एक शब्द पाठवला: वासा. अर्थ, हरणाचे किंवा रेनडिअरचे पिल्लू. गाईच्या वासराला तिकडे वासिक्का म्हणतात, तोही यातूनच निघाला. आणि हा वासा फार जुन्या काळी भारत-इराणी भाषेतल्या 'वत्स'वरून उसना आलेला आहे, असे अभ्यासक मानतात.

मराठीत वासा म्हणजे घराच्या छपराचा बांबू. पण त्या रात्री मी छताचे वासे मोजत जागा राहिलो तो वेगळ्याच कारणाने. हजारो मैलांवर, बर्फात, माझे वत्स चरत होते!

विहीणबाईंच्या कागदावर शब्दाच्या आधी एक चांदणी होती. चांदण्यांशी माझा संबंध फॉर्म भरण्यापुरता. फॉर्ममध्ये चांदणी म्हणजे रकाना भरलाच पाहिजे. हॉटेलच्या पाटीवर चांदणी म्हणजे खिसा तपासा. विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागणार. भाषाशास्त्रातली चांदणी यांतली कुठलीच नाही. तिचा अर्थ असा की हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, नंतरच्या भाषा शेजारी शेजारी ठेवून तो अनुमानाने उभा केला आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने ही खूण रूढ केली. 1868 मध्ये त्याने अशा चांदणीवाल्या शब्दांची मेंढी आणि घोड्यांची एक आख्खी गोष्टच लिहून काढली.

विहीणबाईंचा चांदणीवाला वासा हा आजच्या फिन्निश वासाचा 'आद्य-फिन्निक' पूर्वज होता. फिन्निश, एस्टोनियन वगैरे भाषा ज्या एका भाषेतून फुटल्या, ती ही भाषा. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी बाल्टिक समुद्राच्या परिसरात ती बोलली जात होती, पण तिची एक ओळही उरलेली नाही. त्या कुळातला सर्वांत जुना मजकूर तेराव्या शतकातला, रशियात नोवगोरोदला सापडलेल्या भूर्जाच्या सालीवरचा, 292 नंबरचा. तो विजेपासून वाचण्याचा मंत्र असावा असे मानतात. मी लगेच कळवले की आमच्या रायगड जिल्ह्यातला अक्षीचा मराठी शिलालेख शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा मानला जातो. अशी बातमी कळवताना जी नम्रता बाळगावी लागते ती मी बाळगली, असे मला वाटते. पुतणीला तसे वाटले नाही.

मग मी विभक्त्यांचा तक्ता मागवला. पुतणीने एका पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवले. वासा, वासान, वासाआ... एकूण पंधरा विभक्त्या. आपल्या शाळेतल्या आठांनी ज्याचे बालपण नासवले त्याने पंधरा बघून खरे तर मोबाईल बंद करायला हवा होता. पण शेजारच्याच रकान्यात दुसरा एक शब्द चालवलेला दिसला: वासारा. फोटोत पानाचा वरचा भाग कापला गेला होता आणि अर्थ त्या कापलेल्या भागात होता. पण अर्थाची गरज कुणाला होती? वासा म्हणजे वत्स, तर वासारा म्हणजे उघडच वासरू! सामान्यरूपसुद्धा आपलेच: वासरा. आणि खाली उतरत गेलो तर नववी की दहावी विभक्ती: वासाराल्ला. फिन लोक त्यातले आ आखूड म्हणतात. जरा घाईने म्हणून बघा.

वासराला!

मी खुर्चीतून उठलो. एक सोडून पुढची विभक्ती होती वासाराल्ले. आमच्या वरच्या मजल्यावर अकोल्याचे एक गृहस्थ राहतात. रात्री साडेदहाला त्यांची बेल वाजवून मी विचारले, "तुमच्याकडे 'वासराला' कसं म्हणतात?"

"वासराले," ते बनियनवर उभे राहून म्हणाले. "काऊन, काय झालं?"

काय झालं? पश्चिम महाराष्ट्र आणि वऱ्हाड दोन्ही एकाच फिन्निश पानावर सापडले होते. दोन्ही रकाने जुळले होते. चौतीस वर्षांच्या सवयीने मी पेन खाली ठेवले. चहा मागवला नाही, कारण तेव्हा पावणेअकरा झाले होते.

व्हाउचर न पाहता लेजर पास करणाऱ्या कारकुनाला मी नोकरीत किती बोललो असेन याचा हिशेब नाही. इथे मी स्वतः तेच केले. शब्दाचा अर्थ म्हणजे व्हाउचर, आणि ते फोटोबाहेर राहिले होते.

गेल्या दिवाळीला पुतणी आणि जावई पनवेलला आले. पहिल्याच रात्री मी विषय काढला. "जावईबापू, आर्य हा शब्दही तुमच्याकडे आला असेल. काय अर्थ होतो?"

जावयाने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "ओर्या." आणि पुढे इंग्रजीत अर्थ सांगितला. गुलाम.

पुतणीने खुलासा केला की युद्धात धरून आणलेल्या परक्या टोळीवाल्यांचे नाव पुढे गुलामांना चिकटले असावे, असे याचे स्पष्टीकरण देतात. घरात शांतता पसरली. शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवे होते. मी म्हणालो, "उद्या वसुबारस आहे."

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे गोवत्स द्वादशी. नावातच वत्स. सवत्स धेनूची पूजा, आणि धेनूशेजारी उभे राहून मी जावयाला त्याच्याच भाषेतली विभक्ती सप्रयोग दाखवणार. बेत चोख होता. अडचण एकच, पनवेलमध्ये गाय शोधायची कुठे? 1852 साली स्थापन झालेली आमची नगरपालिका 2016 मध्ये महानगरपालिका झाली आणि गोठ्यांच्या जागी 'गोकुळ' नावाचे टॉवर उभे राहिले. उरण नाक्यावर एक गाय दिसते, पण ती भाजीवाल्यांशी कायमच्या वैरात असते आणि तिला वासरू नाही. शेवटी दूधवाल्याने नेरे गावाकडचा एक गोठा सांगितला.

त्या दिवशी आमच्याकडे दूध आणि गहू वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मी बिनदुधाचा चहा पिताना चेहरा केला तो जावयाने पाहिला आणि सहानुभूतीने आपली काळी कॉफी माझ्यापुढे सरकवली. फिन लोक जगात सर्वांत जास्त कॉफी पिणाऱ्यांत मोडतात. त्याला उपास घडतो आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

गोठा एका आगरी बाईंचा होता. गाय शांत, वासरू तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. तो ठिपका मला चांदणीसारखा दिसला. शुभशकुन! वासरू एका लोखंडी खुंटाला बांधले होते, खुंट सैल झाला होता, आणि तो ठोकायला आणलेला हातोडा तिथेच गवतात पडला होता. या तीन गोष्टी मी पाहिल्या होत्या. बेरीज केली नव्हती.

हिने गाईला हळद-कुंकू लावले, पुतणीने ओवाळले. मग मी पुढे झालो. फोटो नीट यावा म्हणून वासराचे दावे डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन धरले, उजव्या हातात गुळाचा खडा घेतला आणि व्याख्यान सुरू केले. वत्स, वच्छ, वासरू. चार हजार वर्षे. व्होल्गा नदी. बाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. जावई गप्प होता. माणूस गप्प आहे म्हणजे त्याला पटले आहे, हा माझा संसारातला अनुभव नसला तरी सभेतला आहे. मी गुळाचा खडा त्याच्यापुढे धरला, मानेने वासराकडे खूण केली आणि खणखणीत आवाजात फिन्निशमध्ये, म्हणजे मराठीत, म्हणजे माझ्या मते दोन्हींत म्हणालो:

"जावईबापू, वासराला! वासराला!"

जावयाचा चेहरा उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदा बायको सोडून घरातले कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले होते, आणि तेही काम सांगण्यासाठी. "वासाराल्ला? यो, यो!" तो म्हणाला. फिन्निशमध्ये यो म्हणजे हो. गुळाकडे न बघता तो वाकला, गवतातला हातोडा उचलला, सैल खुंट पाहून मान हलवली, आणि सहा फूट तीन इंचांवरून एक घाव घातला.

लोखंडावर लोखंड. तो आवाज वासराच्या कानाजवळ दीड हातावर झाला.

खुंट आत जाण्याऐवजी आडवा झाला. वासरू उडाले. दाव्याचे एक टोक वासराच्या गळ्यात आणि दुसरे माझ्या मनगटाला. विभक्ती या शब्दाचा मूळ अर्थ वेगळे होणे. ते त्या क्षणी झाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. आम्ही दोघे अविभक्त कुटुंबासारखे गोठ्यातून निघालो, शेण्यांच्या रचलेल्या उडव्याला वळसा घालायचा प्रयत्न केला (वासराने घातला, मी आरपार गेलो), आणि बांधापाशी दावे सुटले. तिथे मी राहिलो. गुडघ्यावर.

बाई धावत आल्या त्या माझ्याकडे नव्हे. त्यांनी आधी जनावराला चुचकारून आणले, मग मला म्हणाल्या, "मना वाटला तुमी पूजा कराला आलाव! तुमी तं सुतारकाम कराला आलाव!"

"वासराला काही लागलं नाही ना?" मी क्षीण आवाजात विचारले. जावई पुन्हा हातोड्याकडे बघू लागला.

"वासरू काय बोलताव?" बाई म्हणाल्या. "कालवड हाय ती. कालवड!"

म्हणजे ज्या शब्दावर चार हजार वर्षे खर्च केली तो शब्द त्या गोठ्यात कुणी वापरतही नव्हते.

रात्री पाय उशीवर घेऊन मी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंसमोर बसलो. पुतणीने मधे बसून भाषांतर केले. विहीणबाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेली बाई हसत नसते, ती लाल पेन उघडते.

वासारा म्हणजे हातोडी. वासाराल्ला म्हणजे हातोडीने. एवढे सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण हा शब्दही तुमच्याकडूनच आलेला आहे."

मी उशीवरून उठू लागलो. हिने पाय पुन्हा खाली दाबला.

वासाराचे मूळ वज्र. ऋग्वेदात त्वष्ट्याने इंद्रासाठी घडवले ते. इराणच्या अवेस्तेत त्याचाच वझ्र म्हणजे गदा. उरलच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात भारत-इराणी बोलणाऱ्या टोळ्या आणि फिन्निकच्या पूर्वज-भाषेचे लोक शेजारी राहिले, तेव्हा हा शब्द पलीकडे गेला. ज्र जोडून म्हणणे त्यांना जड गेले, मधे एक स्वर घुसला, आणि वासारा झाला. रशियातल्या मॉर्दविन भाषेत त्याच शब्दाची कुऱ्हाड झाली. आणि फिन लोकांच्या विजेच्या देवाच्या, उक्कोच्या, हातात काय आहे? उक्कोचा वासारा. इंद्राने ढगात घालायचा तोच घाव तो तिकडे घालतो. त्या सकाळी नेऱ्यात घातला तो निराळा.

"मग वासराला?" मी विचारले. "ल्ला आणि ला?"

"तुमच्या लाचं जुनं रूप काय?" त्यांनी विचारले.

मी जे वाचले होते ते सांगितले: त्यावर पंडितांचे वाद आहेत, पण ज्ञानेश्वरांच्या काळी 'लागी' वापरत आणि ला त्यावरून आला असे एक मत आहे. त्या म्हणाल्या, आमचा ल्ला मुळात ल्ना होता. ल हा एक प्रत्यय, ना हा दुसरा, दोन्ही मिळून ल्ला. तुमचा ला त्याच्यानंतर किती शतकांनी, कुठे, कशातून झाला ते बघा. आणि वासरा-मधला रा तुमच्या 'रूप'चा. आमचा रा वज्रातला. सगळेच्या सगळे योगायोग.

मी वही उघडली आणि दोन रकाने पाडले. वासा आणि वासरू: थोडे सारखे दिसतात, नाते खरे. वासारा आणि वज्र: मुळीच सारखे दिसत नाहीत, नाते खरे. वासाराल्ला आणि वासराला: जुळ्या भावांसारखे दिसतात, नाते शून्य. वत्सरूपातला 'रूप' लोकांना तलावाकाठी अडवून समजावणारा मी शेवटी फसलो तो रूपालाच.

आणि हो, नाते खरे आहे म्हणजे फिन्निश भाषा आपल्यातून निघाली असे नव्हे. ती वेगळ्या कुळातली. उसने घेतलेले भांडे वेगळे आणि पोटचे पोर वेगळे. शिवाय देणारेही आम्ही नव्हतो. तेव्हा मराठी नव्हती, संस्कृतही नव्हती. नेऱ्याचा रस्ता तर नव्हताच. मी अकोल्याच्या गृहस्थांना हे सांगायला वर गेलो, तर त्यांनी दार उघडण्याआधी भिंगातून पाहिले आणि घरातले दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी जावई एकटाच रिक्षा करून गोठ्यावर गेला आणि नवा खुंट ठोकून आला. बाईंनी त्याला खरवस दिला, मला निरोप दिला. निरोप इथे छापण्यासारखा नाही. निघताना जावयाने विमानतळावर मला मिठी मारली आणि त्याच्या सहा फूट तीन इंचांत न बसणारे एक लांब वाक्य बोलला. पुतणीने अर्थ सांगितला: "काका, पुढच्या वेळी काम असेल तर नुसतं बोट दाखवा."

त्या दिवसापासून मी स्वतःच्या बोलण्यात चांदणी वापरू लागलो आहे. "आपला शब्द तिकडे गेला" असे म्हणायची उबळ आली की आधी मनात एक चांदणी काढतो: हे कुणी पाहिलेले नाही, अनुमान आहे. ही म्हणते, माझ्या निम्म्या बोलण्याला ती चांदणी लग्नापासूनच द्यायला हवी होती.

तुम्हाला मात्र हिशेबनीस म्हणून एक सांगतो. ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबर असतो असे नाही. दोन चुका एकमेकींना कापतात तेव्हाही ताळा जुळतो, आणि मग चूक वर्षानुवर्षे सापडत नाही. तेव्हा दूरच्या देशातला एखादा शब्द आपल्यासारखा दिसला, तर चहा मागवण्याआधी व्हाउचर मागा: अर्थ काय, आधीचे रूप काय, तो विभक्तीत कसा चालतो. आणि तपासणी गोठ्यात करायची असेल, तर दावे मनगटाला गुंडाळू नका.